भिंतीवरची तार

माणसाची पारख त्याच्या घरातल्या विजेच्या तारेवरून होते, असं मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. लोक पत्रिका पाहतात, कूळ पाहतात, आमचे मामाजी भिंत पाहत. कोणाच्याही घरी गेले की उंबरठ्याच्या आत पाऊल पडताच त्यांची मान वर जायची. समोर घरधनी हात जोडून उभा आहे, बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आहे, आणि हे आपले काळी टोपी मागे सरकवून मीटरपासून निघालेली तार नजरेनं धरून चाललेत. हातातली काठी वर करून, तारेला न लावता, वीतभर अंतरावरून ते ती भिंतभर फिरवत. तार कोपऱ्यात वळली की हेही वळत. तार पुढच्या खोलीत गेली की हेही जात. फक्त स्वयंपाकघराचा उंबरठा आला की थांबत, कारण परक्याच्या चुलीपर्यंत जाऊ नये एवढं त्यांना कळत होतं. मग मागे फिरून, नुकतेच घरात आल्यासारखं म्हणत, "हं, रामराम. कसं काय?" आणि तेव्हा कुठे पाणी घेत. ज्या घरात अजून वीज आलीच नव्हती तिथे मात्र ते इतके गोड वागत, इतक्या ऐसपैस गप्पा मारत, की कंदिलाच्या घरचे लोक त्यांना देवमाणूस म्हणत आणि विजेच्या घरचे लोक चक्रम म्हणत. दोघांचंही काही चुकत नव्हतं.

हा नाद त्यांना नोकरीतून लागला होता. आमचा वऱ्हाड नागपूरला जोडलेला होता त्या जुन्या प्रांताच्या काळात ते अकोल्याला विजेच्या इन्स्पेक्टरच्या कचेरीत कारकून होते. नियमांच्या नकला करता करता ते नियम त्यांच्या अंगात मुरले, लोणच्यात मीठ मुरतं तसे. पण हातात पेचकस त्यांनी जन्मात कधी धरला नाही. तिथल्या बिऱ्हाडातला दिवा गेला की मामी स्टुलावर चढून तो बदलत आणि मामाजी अंगणात उभे राहून सूचना देत. मामींनी एकदा वरूनच विचारलं होतं, की एवढं माहीत आहे तर आत येऊन सांगायला काय होतं? मामाजी म्हणाले, नियम लांबूनच चांगला दिसतो. त्यांचा सगळ्यात लाडका नियम एकच होता, की घरातली तार दिसली पाहिजे. जे दिसतं त्याची भीती नाही, झिजलं तर कळतं, तुटलं तर कळतं. जे दिसत नाही त्याचा भरवसा कोणी द्यायचा?

आता यात एक गोम होती. कायदा म्हणे सगळ्या देशाला एकच होता. पण त्याचा अर्थ लावणारे तीन मुलूख एका राज्यात येऊन बसले होते. आमच्याकडे घरं मातीची, धाब्याची. मातीच्या भिंतीत नळी पुरली तर वाळवी, उंदीर आणि ओल मिळून तिचा निकाल लावतात, म्हणून आमच्याकडे सागाची पट्टी भिंतीवर ठोकायची, तिच्यावर तार क्लिपांनी बसवायची आणि उघडी सोडायची, अशी रीत. पुण्या-मुंबईकडून बदलून आलेले साहेब म्हणत, उघडी कशाला, लाकडी पन्हळीत घाला आणि वरून झाकण मारा. आणि देऊळगावराजा ओलांडून जालन्याकडे उतरलं की पूर्वीची मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख. तिथे दगडी भिंती, भिंतीत पुरलेली लोखंडी नळी आणि नळीतून तार. घरभर दिवे लागायचे आणि तार औषधालाही दिसायची नाही. मामाजींच्या लेखी मुंबईची रीत म्हणजे नाटकीपणा आणि मोगलाईची रीत म्हणजे निव्वळ दगा. महाराष्ट्र झाला त्या दिवशी त्यांनी स्वतः पेढे वाटले, डोळे पुसले, आणि माझ्या हातावर पेढा ठेवताना हळूच विचारलं, "जवाईबापू, राज्य झालं हे लय चांगलं झालं. पन तार कोनाची चालन?"

नोकरी संपल्यावर ते डोणगावला आपल्या घरी येऊन राहिले. डोणगावात तेव्हा वीज नव्हती, खांब येणार येणार एवढंच ऐकू यायचं. मामाजींनी खांबाची वाट न पाहता अख्ख्या घरात तार फिरवून घेतली, जुन्या प्रांताच्या रीतीनं, सागाच्या पट्टीवर, उघडी. ती तार कितीतरी दिवस तशीच कोरडी भिंतीवर होती. खंडेनवमीला हत्यारांबरोबर तिच्या बोर्डालाही हळदकुंकू लागे, फक्त पाणी शिंपडायची मनाई. दिवाळीला चुना द्यायला माणूस आला की मामाजी काठी घेऊन त्याच्या मागे मागे फिरत, पट्टीवर थेंब पडता कामा नये म्हणून. त्यामुळे घर पांढरंशुभ्र होई आणि पट्टीच्या दोन्ही अंगांना बोटभर जुनी भिंत तशीच मळकी राही. मामींनी एकदा सोयीची जागा पाहून त्या तारेला लसणाच्या जुड्या अडकवल्या. केवढा गहजब झाला. मामी म्हणाल्या, अहो, हिच्यात आहे काय? मामाजी म्हणाले, आज काही नाही, पण सवय आज लागते आणि करंट उद्या येतो. हे त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं.

माझं लग्नही या तारेच्या परीक्षेतून पार पडलेलं आहे. माझ्या बायकोला वडील नव्हते, तेव्हा स्थळ पाहायला मामा या नात्यानं हेच मेहकरला आमच्या घरी आले. मी मास्तर, घर भाड्याचं, पण वीज होती. मामाजींनी नेहमीप्रमाणे तार धरली आणि ती देवाच्या तसबिरीमागे शिरली तिथे थांबले. मला म्हणाले, तसबीर काढा. आमची आई हबकली, कारण लग्नाच्या बोलण्यात देव कधी भिंतीवरून उतरवत नाहीत. मी तसबीर काढली. मागे तारेचं रबर उंदरानं कुरतडलेलं होतं आणि मी त्यावर कापड गुंडाळून ठेवलं होतं. मामाजींनी बराच वेळ ते कापड पाहिलं. मग चहा घेतला, निघाले, आणि घरी जाऊन बहिणीला म्हणाले, पोरगा देवामागं लपवतो, पण मागितलं तर दाखवतो, द्यायला हरकत नाही. माझ्याबद्दल इतकं खरं याआधी कोणी बोललं नव्हतं.

पण जी गोष्ट सांगायची ती त्यांच्या मुलीची. कुसुम त्यांची एकुलती एक. मॅट्रिक झाली, मेहकरच्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागली आणि आमच्याकडेच राहायची. शिक्षकांच्या शिबिरात तिची जालन्याच्या एका गणिताच्या मास्तराशी ओळख झाली. पोरगा सरळ, बोलायला कमी, जातीपातीची अडचण नाही. कुसुमनं माझ्या बायकोला सांगितलं, बायकोनं मला सांगितलं, आणि मी ते स्थळ म्हणून मामाजींच्या कानावर घातलं. मी, मामाजी आणि त्यांचे एक चुलतभाऊ असे एस.टी.नं जालन्याला गेलो. घर चांगलं ऐसपैस, दगडी. मुलाचे वडील सरकीचा व्यापार करणारे, मनमोकळे. त्यांनी आम्हाला हात धरून बैठकीत नेलं आणि मामाजींची मान वर गेली. वर दिवा होता, भिंतीवर बटण होतं, आणि दोघांच्या मध्ये नुसती स्वच्छ भिंत. मामाजींनी काठीनं चारही भिंती शोधल्या. मुलाच्या वडिलांना वाटलं, पाहुणे बांधकामावर खूश आहेत. कौतुकानं म्हणाले, "काय बघायलेत?" मामाजींनी विचारलं, तार कुठून गेली? ते म्हणाले, भिंतीतून, नळीतून, निजामाच्या वेळची आहे आणि आजवर तिनं कधी त्रास दिला नाही. मामाजी खाली बसले. समोरचा चहा निवत गेला. निघताना एवढंच म्हणाले, विचार करून कळवतो. मुलीच्या बापानं असं म्हटलं की त्याचा अर्थ काय, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला, आणि आम्ही मेहकरची एस.टी. धरली.

कुसुम बापाचीच लेक. रडली नाही, रुसली नाही. डोणगावला जाऊन बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मले तारेसंगं संसार नाही करायचा." मामाजी म्हणाले, जिथं मले दिसत नाही तिथं मी तुले देत नाही. मग तिनंही सांगून टाकलं, की तिथं नाही तर कुठंच नाही. सुट्टीला डोणगावला गेली की ती थाळी वाढून द्यायची, हाक मारली की ओ द्यायची, पण तिचं हसणं बंद झालं, आणि मुलीचं हसणं बंद झालेलं घर किती मोठं वाटतं ते मी त्या दिवसांत पाहिलं. मी माझ्यापरीनं भांडून पाहिलं. म्हटलं, मामाजी, कायदा दोन्हीला परवानगी देतो. ते म्हणाले, परवानगी माहीत आहे. म्हटलं, लोखंडी नळी उलट जास्त सुरक्षित. तेही त्यांनी कबूल केलं. मग अडतं कुठे, ते सांगेनात. माझा संताप संताप झाला. एवढा शहाणा माणूस एका भिंतीपायी पोटच्या पोरीचं वाटोळं करतो, असं मी मामींना स्वयंपाकघरात जाऊन बोललो.

मामी भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकरी उलटून त्या म्हणाल्या, "त्याईची थोरली बहीन होती, जवाईबापू. मोगलाईत देली होती." एवढं म्हणून थांबल्या. मग सावकाश सांगितलं. घर श्रीमंत होतं. दर दिवाळीला बहिणीला आणायला मामाजीच जायचे. त्यांना बैठकीत लोडाशी बसवायचे, पानसुपारी द्यायचे, बहीण पदर सावरून दारात येऊन हसायची आणि सगळं ठीक आहे म्हणायची. मामाजी घरी येऊन आईला सांगायचे, ताई मजेत आहे. एका वर्षी ताई गेल्याचा निरोप आला. त्या घरात आत काय चालत होतं, तिला काय काय सोसावं लागत होतं, ते नंतर शेजारच्या बाईनं सांगितलं. मामाजी त्या घरात इतक्यांदा बसले होते, जेवले होते, भिंतीला पाठ टेकून झोपले होते. त्यांना काही दिसलं नव्हतं. मामी म्हणाल्या, तेव्हापासून हे असे भिंती पाहत हिंडतात, नोकरी तर मागून लागली. मी पाटावर बसलो आणि त्यांनी वाढलेली भाकरी खाल्ली.

पुढे जे झालं ते आमच्याकडच्या रीतीत बसणारं नव्हतं. मुलाकडचे लोक नकार मिळाल्यावर परत फिरून येत नाहीत, त्यात त्यांचा मान जातो. पण जालन्याचे ते व्यापारी एकटेच डोणगावला येऊन थडकले. पोराचंही हसणं बंद झालं असावं. मी त्या दिवशी तिथे होतो. त्यांनी चपला काढल्या, आत आले, आणि रामराम करायच्या आधी मान वर करून मामाजींच्या घरातली ती उघडी तार मीटरच्या जागेपासून दिव्याच्या जागेपर्यंत नीट पाहिली. अजून तिच्यात वीज आलेलीच नव्हती. मग खाली बसले आणि म्हणाले, आता सांगा, काय चुकलं आमचं?

मामाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही. पोरीच्या सासरी बापाले बैठकीत बसवतात. चहा देतात, पान देतात. भिंतीमांगं काय चालू राह्यलं, ते त्याले दिसत नाही. मले एकदा दिसलं नाही. म्हनून म्हनतो, मले निदान तार तरी दिसू द्या."

ते व्यापारी शिकलेले नव्हते, पण त्यांनी जे ऐकायचं ते बरोबर ऐकलं. म्हणाले, "सगळं घर काय मला फोडता येणार न्हाई. पण सैपाकघरात नवी तार टाकतो. मीटरपासून चुलीपातूर, समदी भाईरून, तुमच्या रीतीनं. तुम्ही कवा बी या. मीटरपासून धरा अन् शेवटपातूर बघत जा. कुणी अडवायचं न्हाई."

मला वाटलं, चला, एक हट्टी आणि एक समजूतदार, तोडगा निघाला. त्यात आणखी काही होतं हे माझ्या मास्तरी डोक्यात तेव्हा शिरलं नाही. मामाजींनी मात्र उठून त्यांचे दोन्ही हात धरले.

जालन्याचा वायरमन हे काम करेना. चांगली दगडी भिंत असताना वरून तार म्हणजे लोक म्हणतील याला नळी बसवता येत नाही. शेवटी मेहकरचा वायरमन गेला. सागाच्या पट्ट्या मामाजींनी स्वतः निवडल्या आणि त्या एस.टी.च्या टपावरून कुसुमच्या रुखवताच्या आधी तिच्या सासरी पोचल्या. पुढे तिथे तपासणीला आलेल्या पुण्याकडच्या साहेबानं, एका घरात दोन रिती कशा, असं विचारलं, तेव्हा कुसुमचे सासरे म्हणाले म्हणे, नळी आमची आहे, ती तार सुनेच्या माहेरची आहे. साहेबानं तार तपासली, ठीक आहे म्हणाला आणि गेला.

लग्नानंतर मामाजी पहिल्यांदा लेकीकडे गेले तेव्हा मी बरोबर होतो. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही जुनी रीत ते पाळणार होते. बैठकीत सगळे उठून उभे राहिले. मामाजींनी मीटरपाशी काठी वर केली आणि तार धरून निघाले. बैठकीतून माजघर, माजघरातून बोळ, बोळातून स्वयंपाकघर. मी मागोमाग. मला वाटलं, आता उंबरठ्यावर थांबतील. ते थांबले नाहीत. कुसुमच्या सासूबाई पदर सावरून बाजूला झाल्या. मामाजी दिव्याखाली जाऊन उभे राहिले, आणि तिथवर पोचल्यावर त्यांनी दिव्याकडे पाहिलंच नाही. चुलीपाशी कुसुम होती. त्यांनी तिचा चेहरा पाहिला, मनगटं पाहिली, ती कशी उभी आहे ते पाहिलं. काठी तशीच वर धरलेली. मग विचारलं, "बरं हाय ना?"

"हाव, बाबा," ती म्हणाली.

मामाजी वळले, बैठकीत आले आणि सगळ्यांना म्हणाले, "रामराम. कसं काय?" तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि मी खिडकीपाशी जाऊन उगाच रस्ता पाहत उभा राहिलो.

मग ते वरचेवर जालन्याला जायला लागले. तार तपासायची असते, असं गावात सांगत. लोक हसत. एकदा "बरं हाय ना?" ला कुसुमचं "हाव" जरा उशिरा आणि बारीक आवाजात आलं. मामाजींनी तिथेच पाट ओढला आणि दिव्याखाली बसले. सासरे बोलवायला आले तर म्हणाले, तार तापल्यासारखी वाटते, मी बसतो. दुपार गेली, चहाची वेळ गेली, माणूस हलेना. अखेर सासूबाईंनाच संकोच सोडून सांगावं लागलं, की तसं काही नाही, सुनेला दिवस गेलेत आणि तिला अन्न जात नाही. मामाजी उठले, टोपी नीट केली, आणि एवढ्या जपलेल्या तारेखालून बाहेर पडताना उंबरठ्याला अडखळले. नातू झाल्यावर त्या घरचं पहिलं पाणी ते स्वयंपाकघरातच प्याले. सासऱ्यांनी स्वतः तांब्या भरून दिला होता.

डोणगावात पुढे वीज आली, आणि मामाजींच्या घरातली तार पहिल्याच तपासणीत पास झाली, याचा त्यांना शेवटपर्यंत अभिमान होता. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मामीही गेल्या. मी पेन्शनीत निघालो. आता कुठल्याच मुलखात उघडी तार कोणाला आवडत नाही, सगळ्या भिंती जालन्यासारख्या झाल्या आहेत.

मध्यंतरी कुसुमच्या घरी जाणं झालं. तिच्या पोरांनी घर नव्यानं बांधल्यासारखं केलंय, नव्या नळ्या, नवी बटणं, सगळं आत. पण मीटरच्या वरून ती सागाची जुनी पट्टी तशीच निघालेली होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना बोटभर भिंत रंगाशिवाय मळकी सोडलेली होती. कुसुमचा नवरा म्हणाला, तिच्यात आता वीज नाही, कधीच तोडली, पण ही काढू देत नाही. मी हं म्हटलं. समोर पाण्याचा तांब्या आला होता, तो मी घेतला नाही. का कोण जाणे, मान वर गेली आणि मी तार धरून निघालो. बैठक, माजघर, बोळ. उंबरठ्यापाशी क्षणभर पाय घुटमळला, मग आत गेलो. कुसुम गॅसपाशी पाठमोरी होती, केस पांढरे झालेत आता. तिनं वळून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावरच्या त्या तारेकडे पाहिलं. मी काही विचारलंच नव्हतं.

"हाव, भाऊजी," ती म्हणाली. "बरं हाय."